मेमरीचे व्होल्टेज आणि अप्पांचे बाड

संगणकाच्या मेमरीचे व्होल्टेज वाढवावे की न वाढवावे, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाच्या वाट्याला येण्याचे वस्तुतः काही कारण नाही. संगणकाच्या पोटात हात घालण्याची ज्यांना हौस असते, त्यांचा तो प्रश्न. माझा संगणकाशी संबंध टंकलेखन, प्रश्नपत्रिका आणि विद्यापीठाला पाठवायची माहितीपत्रके एवढ्यापुरताच होता. परंतु २०२०च्या टाळेबंदीत हा प्रश्न माझ्या घरात शिरला, आणि एका अक्षराचा निकाल लागेना म्हणून आजही तो पुरता बाहेर गेलेला नाही. त्या अक्षराची ही हकीकत आहे.

आमचे आजोबा, ज्यांना घरात सगळे अप्पा म्हणत, कीर्तनकार होते. १९३४ ते १९५८ या काळात त्यांनी एक जाडजूड बाड लिहिले. पुढच्या बाजूने आख्यानांची टिपणे: पूर्वरंगात कोणता अभंग घ्यावा, उत्तररंगात कथा कोठे वळवावी, श्रोते पेंगू लागले तर कोणती गोष्ट सांगावी. मागच्या बाजूने हिशेब: गाव, तिथी, यजमानाचे नाव आणि बिदागी. सारे बाळबोध लिपीत, बोरूच्या सवयीच्या हाताने टाकाने लिहिलेले. २०१६ ते २०१८ या दोन वर्षांत मी ते रोज रात्री थोडे थोडे करून टंकित केले. पहिली साठ पाने झाली तेव्हा त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून एका स्नेह्यांना वाचायला दिली. पानांची छायाचित्रे काढावीत, असे पुष्कळदा मनात आले. पण बाड घरातच तर आहे, काढू कधीतरी, असे म्हणून ते राहिले. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या जुन्या घराचा तळमजला पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर बाड सापडले ते एखाद्या भिजलेल्या विटेसारखे. पाने एकमेकांना चिकटली होती आणि शाई सगळीकडे सारखी पसरून निळसर झाली होती. आता अप्पांचे जे काही उरले होते ते माझ्या टंकित फाइलीत.

त्या वर्षीच्या दिवाळीत घरी नवा संगणक आला. ओळखीच्या दुकानदाराकडून सुटे भाग जोडून घेतलेला. मेमरीच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४ जातीच्या, २४०० गतीच्या, १.२ व्होल्टच्या. हे आकडे तेव्हा मला ठाऊक नव्हते; पट्टीवरच्या कागदावर ते छापलेले असतात, हे पुढे कळले. टाळेबंदी लागली आणि हा एकच संगणक आम्हा दोघांत वाटला गेला. सकाळी माझे ऑनलाइन तास, दुपारी मुलाचे, संध्याकाळी त्याचे खेळ, रात्री माझे बाड. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. मे महिन्यात एके दिवशी त्याने मोठ्या आनंदाने सांगितले, "बाबा, मी रॅम ओव्हरक्लॉक केली. आता २९३३वर चालते. एक पैसाही खर्च नाही."

ओव्हरक्लॉक करणे म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने एखादा भाग चालवणे. त्यात बेकायदेशीर काही नाही. बायोसमध्ये जाऊन एक आकडा बदलायचा. संगणक सुरू झाला तर ठीक, नाही झाला तर मागे यायचे. आमचा सुरू झाला. खेळात सेकंदाला पाचसहा चौकटी वाढल्या, असे त्याने मोजून दाखवले. मलाही फाइल जरा लवकर उघडते असे वाटले. सांगितले नसते तर वाटले नसते. अधूनमधून एखादा प्रोग्रॅम कारण नसताना बंद पडे. आम्ही पुन्हा उघडत असू.

ऑगस्टमध्ये एका वेबिनारसाठी मी अप्पांवर निबंध लिहायला घेतला. २०१८मध्ये एका व्याख्यानात मी ठामपणे म्हटले होते की, सबंध बाडात अप्पांनी स्वतःला मिळालेल्या कशालाही 'दान' म्हटलेले नाही. कन्यादान, गोदान असे शब्द आख्यानांत येतात. पण स्वतःच्या हिशेबात नेहमी 'बिदागी'. तिच्यात पैसे असोत, उपरणे असो की धान्य असो. कीर्तन हे आपले काम आहे आणि हे त्या कामाचे मोल आहे, ही त्यांची जाणीव या एका शब्दात मला दिसत होती. खात्री करावी म्हणून फाइलीत 'दान' हा शब्द शोधला. १९४१च्या चैत्रातली, राजापूरकडच्या एका गावची नोंद समोर आली: 'दान दोन पायल्या.'

मी चपापलो. मला आठवत होते ते 'धान दोन पायल्या'. धान म्हणजे भात, आणि कोकणात बिदागी म्हणून तो मिळणे स्वाभाविक. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मी स्वतःच दरवर्षी एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना सांगतो. मूळ पान कृष्णेने नेले होते. ही नोंद पहिल्या साठ पानांतली नसल्याने स्नेह्यांच्या प्रतीतही नव्हती. एकच साक्षीदार, आणि तोच फिरलेला.

मग निदान पहिली साठ पाने तरी ताडून पाहावीत म्हणून ती जुनी प्रत मागवली. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या. चौदा ठिकाणी फरक निघाला. त्यांतले दहा मी जाणूनबुजून केलेले बदल होते. उरलेल्या चारांचा खुलासा मला देता येईना. जुन्या प्रतीत 'सासरी मूळ आले' होते, नव्या प्रतीत 'मूल आले'. 'फळ'चे 'पळ' झाले होते. 'पाठ'चे 'पाट' झाले होते. आणि एका कीर्तनाखाली अप्पांनी समाधानाने लिहिलेला शेरा 'गाणे बरे झाले' हा आता 'खाणे बरे झाले' असा वाचता येत होता.

मुलाला हे दाखवले तेव्हा तो हसला, मग गप्प झाला. त्या रात्री त्याने मेमरी तपासणारा एक प्रोग्रॅम लावला. हा प्रोग्रॅम मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहितो, परत वाचतो, आणि लिहिलेले व वाचलेले जुळले नाही तर पडद्यावर लाल ओळ उमटवतो. चाळीस मिनिटांत पहिली लाल ओळ आली, पहाटेपर्यंत नऊ. नऊही ओळींत चूक एकाच प्रकारची होती: शेवटच्या स्थानी एकाचे शून्य झालेले.

इथे या विषयात मला शिरावेच लागले. मेमरीच्या चिपमध्ये प्रत्येक बिटासाठी एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीच रचना आजही चालते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार आहे की नाही, यावरून एक किंवा शून्य ठरते. हा भार गळका असतो. म्हणून प्रत्येक घर सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावे लागते. शिवाय वाचण्याच्या क्रियेनेच तो भार विस्कटतो, त्यामुळे वाचले की लगेच परत लिहायचे. आपण जिला संगणकाची स्मरणशक्ती म्हणतो ती वस्तुतः अखंड चाललेली नक्कल आहे. लहिया झोपला की पोथी गेली.

गती वाढवणे म्हणजे या लहियाला प्रत्येक अक्षरासाठी कमी वेळ देणे. घरातला भार तारेवर उतरतो, त्याने होणारा फरक अगदी थोडा असतो, तो ओळखून 'एक' की 'शून्य' हे ठरवावे लागते. वेळ कमी पडला की फरक पुरेसा स्पष्ट होण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर उघडतात, एक आणि शून्य यांतले अंतर वाढते, निर्णय सोपा होतो. म्हणून ओव्हरक्लॉकिंग करणारे गतीबरोबर व्होल्टेजही वाढवतात. माझ्या मुलाने गती वाढवली होती. पण पट्टी जळेल या भीतीने व्होल्टेज १.२वरच ठेवले होते. त्याचे म्हणणे आता सरळ होते: "बाबा, १.३५ व्होल्ट करू या. चुका थांबतील."

हे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते. डीडीआर४ची प्रमाण मर्यादा १.२ व्होल्ट असली तरी जलद म्हणून विकल्या जाणाऱ्या असंख्य पट्ट्या कारखान्यातूनच १.३५ व्होल्टसाठी तपासून, हमीसह बाहेर पडतात. व्होल्टेजचे आकडे हे काही वेदवाक्य नव्हे. पहिल्या डीडीआर मेमरीला २.५ व्होल्ट लागत, डीडीआर२ला १.८, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२, आणि त्यानंतरच्या डीडीआर५ला १.१. प्रत्येक पिढीत घर लहान होत गेले आणि त्याला सोसणारा दाबही. डीडीआर४च्या चिपांच्या तपशीलपत्रकांत १.५ व्होल्ट ही कमाल सीमा दिलेली असते. पण ती 'याच्या पुढे इजा' अशा अर्थाची सीमा आहे, 'इथपर्यंत खुशाल चालवा' अशा अर्थाची नव्हे. दोन वाक्यांतला हा फरक भाषेच्या विद्यार्थ्याला तरी कळायला हवा.

व्होल्टेजची किंमत उष्णतेत मोजावी लागते. चिपच्या चालण्यात खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२चे १.३५ केले तर दाब साडेबारा टक्क्यांनी वाढतो. वीज मात्र सुमारे २७ टक्क्यांनी. त्यात गतीची वाढ वेगळीच. आणि उष्णता वाढली की कपॅसिटरचा भार लवकर गळतो. म्हणजे जे औषध स्मरण पक्के करण्यासाठी द्यायचे, त्याचाच एक परिणाम विसरणे वाढवतो. थोड्या मात्रेत पहिला गुण वरचढ ठरतो, पुढे दुसरा. ती मात्रा कोणती हे प्रत्येक पट्टीचे वेगळे.

आणखी एक गोष्ट मुलानेच शोधून काढली. चूक दिसली म्हणजे दोष पट्टीचाच असेल असे नाही. पट्टी आणि प्रोसेसर यांच्यामधला व्यवहार पाहणारा जो मेमरी कंट्रोलर असतो, तो आता प्रोसेसरच्या आतच असतो आणि त्याला वेगळे व्होल्टेज मिळते. अडखळणारा तो असेल तर पट्टीचे व्होल्टेज कितीही वाढवून उपयोग नाही. उलट जुन्या काळी त्यातून अपाय होण्याची धास्ती होती. इंटेलने २००८मध्ये कोअर आय-सेव्हन प्रोसेसर आणले तेव्हा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये गेला होता, आणि मेमरीचे व्होल्टेज १.६५च्या पुढे नेऊ नये अशी सूचना त्यांच्याबरोबर होती. तेव्हा एका वेळी एकच आकडा बदलायचा, रात्रभर तपासायचे, वहीत लिहायचे, मग दुसरा. ही शिस्त मला ओळखीची वाटली. पाठभेदांची नोंद अशीच करतात.

जानेवारी २०२१मध्ये आम्ही १.३५ व्होल्ट करून पाहिले. रात्रभर एकही लाल ओळ आली नाही. मुलगा जिंकला होता. मी म्हटले, एप्रिल येऊ दे. एप्रिलमध्ये, सांगलीच्या उन्हाळ्यात, माडीवरच्या खोलीत तीच तपासणी पुन्हा लावली. चार फेऱ्या निर्दोष गेल्या, पाचव्या फेरीत दोन लाल ओळी आल्या. तो म्हणाला, "१.४ करून बघू?" प्रश्न पुन्हा तोच होता. मी नाही म्हटले आणि गती २४००वर, व्होल्टेज १.२वर आणून ठेवायला सांगितले. त्याने ते केले. मनातून नाराज होता, पण केले.

या मधल्या काळात मी दुसऱ्याच तपासात गुंतलो होतो. 'धान'चे 'दान' कोणी केले? संशयित तीन: अप्पांचा हात, माझे बोट आणि मेमरी.

संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडचा एक क्रमांक असतो. देवनागरीचे क्रमांक वर्णमालेच्या क्रमानेच दिलेले आहेत: त २३४०, थ २३४१, द २३४२, ध २३४३. सम आकड्यावरून लगतच्या विषम आकड्यावर जायला शेवटचे एकच बिट बदलावे लागते. म्हणजे ध आणि द यांच्यामध्ये फक्त एका बिटाचे अंतर आहे. त-थ, प-फ, ब-भ, ज-झ, श-ष, स-ह या जोड्यांचेही तसेच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र तो लच्या लगेच पुढे बसवला आहे, ल २३५४ आणि ळ २३५५. म्हणून 'मूळ'चे 'मूल' व्हायला एका कपॅसिटरने भार विसरणे पुरेसे आहे. उलट ट २३३५ आणि ठ २३३६. कानाला ही जोडी द-धइतकीच जवळची, पण विषमावरून समावर जाताना इथे एकदम सहा बिटे बदलतात. एका बिटाच्या चुकीने 'पाठ'चा 'पाट' होणे शक्य नाही.

एवढ्याने निकाल लागला असता. पण मी इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकन करतो. त्यावर द आणि ध एकाच कळीवर आहेत. शिफ्ट दाबले की ध, सुटले की द. प-फ, त-थ, ल-ळ, ट-ठ यांचेही तसेच. म्हणजे ज्या जोड्यांत मेमरी घसरू शकते, त्यांतल्या पुष्कळ जोड्यांत माझी करंगळीही घसरू शकते. 'पाट' हे पाप नक्की माझे. दुरुस्ती करताना ती ओळ पुन्हा टंकली असणार. 'मूल' आणि 'पळ' दोघांपैकी कोणाचेही. मात्र 'खाणे' माझे नव्हे. ख आणि ग कळफलकावर वेगवेगळ्या कळांवर आहेत, शिवाय खला शिफ्ट लागते आणि गला लागत नाही. त्यांचे क्रमांक पाहिले: ख २३२६, ग २३२७. शेवटच्या स्थानी एकाचे शून्य. तपासणीच्या पडद्यावर जी चूक लाल अक्षरांत दिसत होती, नेमकी तीच.

म्हणजे यंत्राने निदान एकदा अप्पांचा मजकूर बदलला होता, एवढे जवळजवळ सिद्ध झाले. बहुतेक वेळा असे एखादे बिट पडले तर भलतेच चिन्ह उमटते, शब्द मोडतो आणि डोळ्याला खुपतो. मग आपण तो दुरुस्त करतो. भीती वाटते ती जिथे चुकूनही अर्थ लागतो त्या जागांची. 'सासरी मूल आले' हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही खटकले नसते. मुलीला माहेरी न्यायला येणारे मूळ आता कोणाला आठवते? जुना लहिया अवघड शब्द न समजल्यामुळे सोपा करून लिहीत असे, म्हणून त्याच्या चुकीचा माग काढता येतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुका पारखून. चूक करणारा माणूस होता, त्याचा कान, त्याची झोप, त्याचे अज्ञान हे सारे ओळखीचे होते. मेमरीला अज्ञानही नाही. तिने 'मूळ' सोपे केले नाही, तिच्याकडून एक भार निसटला इतकेच.

पण 'दान' कोणाचे? ध आणि द एकाच कळीवर आहेत आणि एका बिटावरही आहेत. तेव्हा यंत्राला दोषी ठरवण्याची मुभा मला होती. तसे ठरवले की माझे व्याख्यान खरे ठरत होते, माझा निबंध शाबूत राहत होता आणि अप्पांचा ताठ कणाही. हे इतके सोयीचे होते की त्यामुळेच मला स्वतःचा भरवसा वाटेना. अप्पांनीच 'दान' लिहिले असेल, आणि २०१८मध्ये वाचताना मला हवे म्हणून मी 'धान' वाचले असेल, हेही शक्य होते.

आत्याला फोन केला. अप्पांची ती धाकटी मुलगी, तेव्हा ऐंशीची. म्हटले, "आत्या, अप्पा कोकणात कीर्तनाला जात तेव्हा काय मिळायचं गं?" ती म्हणाली, "अरे, भात मिळायचा. नारळ मिळायचे. एकदा फणस घेऊन आले होते, एसटीत नुसता घमघमाट." मी विचारले, "त्याला दान म्हणायचे का अप्पा?" ती थोडा वेळ थांबली. "चारचौघांत नाही म्हणायचे. पण एकेचाळीस साली घरात काय परिस्थिती होती, तुला कोणी सांगितलंय का? मी तर तान्ही होते. आई सांगायची ते ऐकलंय. त्या वर्षी कोणी दान म्हणून दिलं असेल, तर त्यांनी दान म्हणून लिहिलंही असेल. खोटं लिहिणारा माणूस नव्हता तो."

यापुढे मला विचारण्यासारखे काही उरले नाही.

मेमरी मूळ गतीवर आणून मी निश्चिंत झालो होतो; पण ती निश्चिंतीही मुलाने टिकू दिली नाही. त्याने एक जुना अभ्यास वाचून दाखवला. गूगलच्या सर्व्हरांतील मेमरीवर गूगल आणि टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २००९मध्ये तो प्रसिद्ध केला होता. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली होती. त्या यंत्रांत तर कोणी खेळासाठी गती वाढवत नाही. "म्हणजे बाबा, १.२ व्होल्टवर चुका होतच नाहीत असं नाही. तुम्हाला त्या दिसत नाहीत, एवढंच."

त्या सर्व्हरांत निदान चुका दिसतात तरी, कारण त्यांची मेमरी दर ६४ बिटांमागे ८ बिटे जास्तीची बाळगते. त्यांच्या आधारे एक बिट पडले तर ते उचलून जागेवर ठेवता येते आणि दोन पडली तर ओरडून सांगता येते. या युक्तीचा पाया रिचर्ड हॅमिंग यांनी १९५०मध्ये घातला. घरगुती संगणकात ही सोय सहसा नसते. मला आपल्या घनपाठ्यांची आठवण झाली. शब्द सरळ म्हणायचे, उलटे म्हणायचे, पुन्हा सरळ म्हणायचे; एक अक्षर घसरले तर दुसऱ्या पठणात ते पकडले जावे म्हणून. त्यांनी घशावर जोर वाढवून पाठ जपला नाही. एकच गोष्ट अनेक रीतींनी ठेवली, म्हणून ती टिकली.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. पट्टी १.३५ व्होल्टसाठीच बनवलेली असेल तर त्या व्होल्टेजला भ्यायचे कारण नाही. १.२ची पट्टी असेल आणि संगणक खेळण्यासाठी असेल, तर व्होल्टेज पायरीपायरीने वाढवून पाहावे, उन्हाळ्यात पुन्हा तपासावे, १.३५च्या पुढे जाण्याचा मोह टाळावा. खेळ बंद पडला तर पुन्हा सुरू करता येतो. पण ज्या संगणकात एखाद्या गोष्टीची एकुलती एक प्रत असेल, त्यात गती वाढवू नये, मग व्होल्टेज वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. आणि त्याच्याही आधी, एकुलती एक प्रत ही अवस्थाच राहू देऊ नये. माझा खरा अपराध मुलाच्या आकड्यांत नव्हता. २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षे बाड माझ्या हाताशी कोरडे होते, आणि मी त्याची छायाचित्रे काढली नव्हती.

आता फाइलीच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत. मुलाने एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला आहे. तो प्रत्येक प्रतीच्या सगळ्या अक्षरांवरून एक लांबलचक आकडा काढतो. एक बिट जरी बदलले तरी आकडा पार बदलतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिन्ही आकडे जुळवून पाहतो. मुलगा आता पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. त्याच्या स्वतःच्या संगणकात डीडीआर५ आहे, आणि तिचे व्होल्टेज त्याने १.१वरून वाढवले आहे. किती, ते मी विचारलेले नाही. दिवाळीला घरी आला होता तेव्हा त्याने बाडाची फाइल उघडून १९४१चा चैत्र काढला.

"अजून दानच ठेवलंय?"

ठेवले आहे. खाली एक टीप आहे: 'येथे "धान" असाही पाठ संभवतो. हस्तलिखित उपलब्ध नाही.' वेबिनारचा निबंध मी दिला नाही. 'खाणे'चे मात्र पुन्हा 'गाणे' केले आहे.